औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, खटाव तालुक्यात, औंध नावाचे गाव आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस येथवर पोहोचेपर्यंत हात आखडता घेतो. त्यामुळे येथील शेतकरी ज्वारी-बाजरीवर गुजराण करणारा आणि मृगापासून हस्तापर्यंत आभाळाकडे डोळे लावून बसणारा. गावाला लागूनच एक डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर यमाईदेवीचे प्राचीन ठाणे असून त्यास मूळपीठ असे म्हणतात. दूरदूरच्या गावांतून भाविक या देवीच्या दर्शनाला येतात. कोणी नवस फेडण्यासाठी येतो, कोणी घरात नवे मूल आले म्हणून येतो, तर कोणी केवळ वर्षातून एकदा यायचे म्हणून येतो.

डोंगर चढू लागले म्हणजे वाटेत एक मोठी इमारत लागते. तिच्यात पाऊल टाकताच पाहणारा थक्क होतो. राजस्थानातील व हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांतील नाजूक लघुचित्रे, राजा रविवर्म्याची भव्य तैलचित्रे, बंगालच्या चित्रकारांची सौम्य रंगांतील कामे, हस्तिदंताच्या व चंदनाच्या कोरीव वस्तू, युरोपातील थोर चित्रकारांच्या कृतींच्या नकला, असे किती तरी तेथे मांडलेले आहे. त्या साऱ्यांच्या सोबतीला इंग्लंडमधील जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर याने घडविलेली माता आणि बालक यांची एक पाषाणमूर्तीही आहे. लंडन-पॅरिसच्या संग्रहालयांत शोभाव्यात अशा या वस्तू दुष्काळी मुलखातील एका डोंगरावर कशा आल्या, असा प्रश्न कोणालाही पडावा. या प्रश्नाचे उत्तर एका राजाच्या जीवनात सापडते. हा राजा म्हणजे औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

पंतप्रतिनिधींचे घराणे मराठ्यांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. छत्रपती राजाराम महाराज व महाराणी ताराबाई यांच्या काळात, मोगलांशी निकराचा झगडा चालू असता, परशुराम त्रिंबक यांनी मोठा पराक्रम गाजविला आणि हे घराणे नावारूपास आणले. पुढे पेशवाई गेली, इंग्रजांचे राज्य आले, तरी औंधचे लहानसे संस्थान या घराण्याकडे राहिले. याच घराण्यात 24 ऑक्टोबर 1868 रोजी बाळासाहेबांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षण सातारा येथे व नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले आणि त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी मिळविली. राजपुत्राने शिकार करावी, घोडे फिरवावेत आणि चैनीत दिवस घालवावेत, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. बाळासाहेबांना लहानपणापासून ओढ होती ती मात्र रंगांची आणि कुंचल्याची. चित्रे काढणे आणि दुसऱ्याने काढलेले उत्तम चित्र दिसले की त्यापुढे तन्मय होणे, हा त्यांचा स्वभावच होता. पुढे तो त्यांनी कधी सोडला नाही.

शिक्षण संपल्यावर त्यांनी आपल्या वडिलांच्या हाताखाली चिटणीस म्हणून राज्यकारभाराचे काम पाहिले. गादीचा वारसा प्रथम त्यांच्याकडे नव्हता. घरातील अनेक उलथापालथींनंतर 4 नोव्हेंबर 1909 रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते औंधचे राजे झाले. त्यांच्या वाट्याला आलेले राज्य फार लहान होते. त्याचे क्षेत्र सुमारे 500 चौरस मैल आणि गावे अवघी 72. त्यातही ती सलग नव्हती. औंध साताऱ्याकडे, कुंडल व आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ थेट विजापूरकडे, असा हा मुलूख विखुरलेला होता. कृष्णाकाठची कुंडलची जमीन सोडली, तर बाकीचा बराचसा भाग कोरडा. आटपाडीचा माणदेश तर दुष्काळासाठीच ओळखला जाणारा. अशा राज्याची तिजोरी ती केवढी असणार! बडोदे किंवा म्हैसूर येथील राजांप्रमाणे कलावस्तूंवर पैशांचा पाऊस पाडणे औंधच्या राजाला शक्य नव्हते.

तथापि बाळासाहेबांजवळ संपत्तीहून मोलाची एक गोष्ट होती. ती म्हणजे पारखी नजर. खरा संग्राहक कोण? बाजारात ज्याचे मोल सर्वांना ठाऊक आहे, ते विकत घेणे पैसेवाल्या कोणासही साधते. ज्याचे मोल अजून इतरांच्या ध्यानी आलेले नाही, ते ओळखणे आणि जपणे, यात संग्राहकाची कसोटी असते. बाळासाहेबांची ही नजर वस्तूंपुरतीच मर्यादित नव्हती. माणसांच्या बाबतीतही ती तितकीच तीक्ष्ण होती.

गादीवर आल्याच्या पुढच्याच वर्षी याचा प्रत्यय आला. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगाव येथे लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे तयार करीत असत. त्यांच्या कारखान्याची जागा तेथील नगरपालिकेला हवी होती. कारखाना कोठे हलवावा, या विवंचनेत ते असता बाळासाहेबांनी त्यांना आपल्या राज्यात बोलाविले. कुंडलजवळच्या रेल्वे स्थानकालगतची जागा त्यांनी देऊ केली आणि भांडवलासाठी कर्जाऊ रक्कमही दिली. ती जागा म्हणजे निवडुंगाचे रान होते. सापांचा सुळसुळाट, पाण्याचे दुर्भिक्ष आणि माणसांची वस्ती नाही, अशी तेथील अवस्था होती. त्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथील नांगर पुढे महाराष्ट्रभर चालले आणि तो ओसाड माळ भारताच्या उद्योगाच्या इतिहासात अमर झाला.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांची गोष्टही अशीच आहे. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले निष्णात चित्रकार आणि तितकेच मोठे वेदांचे अभ्यासक होते. त्यांच्या लेखनातील देशप्रेम इंग्रज सरकारला खुपत असे. सरकारचा रोष असलेल्या माणसाला थारा देणे, हे इंग्रजांच्या अंकित असलेल्या राजाला जोखमीचे होते. तरीही 1918 मध्ये सातवळेकर औंधास आले, तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापन केले आणि जवळजवळ तीस वर्षे वेदांच्या प्रकाशनाचे कार्य केले.

ज्या काळात बाळासाहेब कलावस्तू जमवीत होते, तो काळ हस्तकलेच्या दृष्टीने मोठा कसोटीचा होता. यंत्रे आली आणि एकाच साच्यातून शेकडो वस्तू बाहेर पडू लागल्या. त्या स्वस्त होत्या. पण त्यांत करणाऱ्याच्या बोटांची ओळख उरली नव्हती. खुद्द इंग्लंडमध्ये, जेथे ही यंत्रे जन्मास आली, तेथेच या एकसुरीपणाचा कंटाळा येऊ लागला. स्टॅफर्डशायर परगण्यातील कुंभारकामाच्या गावांत विल्यम मूरक्रॉफ्ट यांसारख्या कारागिरांनी हाताने नक्षी काढलेल्या फुलदाण्यांना पुन्हा मानाचे स्थान मिळवून दिले. ओल्या मातीच्या बारीक धारेने फुलापानांच्या कडा उठवावयाच्या, त्यांच्या आत रंग भरावयाचे आणि मग भांडे भट्टीत भाजावयाचे, अशी त्यांची रीत होती. हाताने काढलेली दोन फुले कधी तंतोतंत सारखी नसतात. त्यामुळे प्रत्येक फुलदाणी आपल्यापुरती एकमेव ठरे. रसिक लोक विसाव्या शतकाच्या आरंभापासून अशा फुलदाण्या हौसेने जमवू लागले आणि आजही जमवितात.

आपल्याकडेही असा एक प्रयोग त्याआधीच झाला होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी एकोणिसाव्या शतकात मातीच्या भांड्यांची शाळा चालविली. तेथील फुलदाण्यांवर व थाळ्यांवर अजिंठ्याच्या भिंतीवरील आकृती रंगविल्या जात. याच कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून कित्येक वर्षे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या होत्या. त्या नकलांचा भांडी रंगविणाऱ्यांना उपयोग झाला. शेकडो वर्षांपूर्वी लेण्यांच्या काळोखात कोणा अनामिक चित्रकाराने काढलेली कमळे अशा रीतीने मुंबईच्या भट्टीतून पुन्हा उमलली. जुनी कला पाहणाऱ्याला नवे काही सुचते, याचे हे चांगले उदाहरण आहे. म्हणूनच जुने चांगले जपून ठेवणे हे केवळ हौसेचे काम नाही. ते पुढच्या पिढीच्या शिदोरीचे काम आहे.

बाळासाहेबांना हे मर्म पुरते उमगले होते. वेरूळ व अजिंठा येथील लेण्यांनी त्यांना वेड लावले होते. त्यांनी या लेण्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि सामान्य वाचकाला ती समजावीत म्हणून ग्रंथ लिहिले. वेरूळवरील त्यांचा ग्रंथ 1929 मध्ये व अजिंठ्यावरील 1932 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या संग्रहात जुन्याबरोबर नव्यालाही जागा होती. जुन्या राजदरबारांतील चित्रकारांची लघुचित्रे त्यांनी मिळविली, तशी आपल्या काळातील चित्रकारांची कामेही घेतली. औंधमधील कारागिरांना त्यांनी काम दिले व प्रोत्साहनही दिले. एखाद्या होतकरू चित्रकाराचे चित्र विकत घेतले, म्हणजे भिंतीची शोभा वाढते. शिवाय त्याच्या घरची चूलही पेटते आणि पुढचे चित्र काढण्याची उमेद त्याला मिळते, हे या चित्रकार राजाला ठाऊक होते.

कारण ते स्वतः हातात कुंचला धरणारे होते. रामायणातील प्रसंगांवर त्यांनी स्वतः चित्रे काढली आणि त्यांचे चित्ररामायण 1916 मध्ये छापून प्रसिद्ध झाले. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांनाही रामकथा डोळ्यांनी वाचता यावी, अशी ती योजना होती. कीर्तनाचीही त्यांना मोठी आवड होती. डोक्यावर पगडी, गळ्यात वीणा आणि मुखी देवाचे नाव, अशा थाटात हा राजा आपल्या प्रजेपुढे उभा राहून कीर्तन करीत असे. चित्र असो वा कीर्तन असो, आपल्याला जे लाभले ते दहा जणांना वाटावे, ही त्यामागची वृत्ती एकच होती.

व्यायामाच्या बाबतीतही त्यांनी तेच केले. तरुणपणी त्यांनी सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीने बरीच वर्षे व्यायाम केला. पुढे मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. त्यांचा गुण अनुभवास येताच त्यांनी हा व्यायाम संस्थानातील शाळाशाळांतून सुरू केला आणि त्यावर पुस्तके लिहिली. सूर्यनमस्कारांना ना साधने लागतात, ना पैसा. उन्हाची तिरीप पोहोचते तेथे हा व्यायाम करता येतो. गरीब मुलखाच्या राजाने प्रजेला द्यावी, अशी याहून उत्तम देणगी कोणती असणार!

विद्येच्या क्षेत्रातील त्यांची सर्वांत मोठी देणगी म्हणजे महाभारताच्या कार्याला दिलेले साहाय्य होय. महाभारताच्या हस्तलिखित पोथ्या देशभर विखुरलेल्या होत्या आणि त्यांच्या पाठांत फार फरक होते. त्या सर्व ताडून पाहून शक्य तितका मूळचा पाठ निश्चित करावा, अशी विद्वानांची इच्छा होती. पुण्यात 1917 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. दुसऱ्याच वर्षी बाळासाहेबांनी या कार्यासाठी एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती आणि औंधसारख्या संस्थानाला तर ती पेलण्यास अवघडच होती. त्यांनी ती वर्षावर्षाला हप्त्यांनी द्यावयाचे ठरविले. ग्रंथासाठी चित्रेही त्यांनी स्वतः काढली. हे कार्य त्यांच्या हयातीत पुरे होणारे नव्हते. ते 1966 मध्ये पूर्ण झाले, त्या वेळी बाळासाहेबांना जाऊन पंधरा वर्षे लोटली होती. ज्या झाडाची सावली आपल्याला मिळणार नाही, त्याला पाणी घालणारा असा हा दाता होता. साहित्याविषयीच्या त्यांच्या या आस्थेचा मराठी लेखकांनी 1935 मध्ये गौरव केला आणि इंदूर येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना दिले.

बाळासाहेबांनी 1936 मध्ये युरोपचा प्रवास केला. तेथील देशांत चित्रे व शिल्पे राजवाड्यांतून बाहेर पडून सार्वजनिक संग्रहालयांत आली होती. त्या काळी भारतात अशी संग्रहालये होती, पण ती बहुधा मोठ्या शहरांत. मुंबईत भायखळ्याचे संग्रहालय 1872 मध्ये व प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या नावाचे संग्रहालय 1922 मध्ये लोकांसाठी खुले झाले होते. संस्थानिकांजवळही अमोल वस्तू होत्या. परंतु त्यांतील पुष्कळशा वाड्याच्या बंद दालनांत पडून असत. राजाचे पाहुणे आले म्हणजे त्या पाहावयास मिळत. शेतात राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीस त्या पडण्याचा संभवच नव्हता.

येथेच बाळासाहेबांचे वेगळेपण दिसून येते. आपला संग्रह त्यांनी वाड्यात ठेवला नाही. तो सातारा, सांगली किंवा पुणे यांसारख्या शहरातही पाठविला नाही. यमाईच्या मूळपीठाकडे जाणाऱ्या डोंगरावर त्यांनी त्यासाठी खास इमारत बांधविली. संग्रहालय पाहण्यासाठी म्हणून कोणता शेतकरी मुद्दाम दिवस मोडून येणार? परंतु देवीच्या दर्शनाला तो येणारच. येता-जाता त्याची पावले इकडे वळली, तर त्याला हा ठेवा पाहता येईल, अशी ही जागा आहे. इमारतीतील दालनांत वरून सूर्याचा प्रकाश यावा, अशी योजना करण्यात आली. चित्राचे खरे रंग दिवसाच्या उजेडातच दिसतात, हे चित्रकाराच्या नजरेने जाणले होते. हे संग्रहालय 1938 मध्ये उभे राहिले. कुलदेवतेच्या नावावरून त्याला श्री भवानी संग्रहालय असे नाव देण्यात आले.

या संग्रहालयातील हेन्री मूरची मूर्ती पाहताना मन विशेष विचारात पडते. मूर हा एका खाणकामगाराचा मुलगा. रामायणातील प्रसंग रंगविणाऱ्या आणि रविवर्म्याची चित्रे आवडणाऱ्या राजाच्या संग्रहात त्याची मूर्ती असावी, हे प्रथमदर्शनी नवल वाटते. कारण या मूर्तीत दागिने नाहीत, वस्त्रांच्या चुण्या नाहीत, चेहऱ्यावर कोरीव नाजूकपणा नाही. दगडाचा दगडपणा तसाच ठेवून शिल्पकाराने त्यातून आई आणि तिला बिलगलेले मूल यांचा केवळ भास निर्माण केला आहे. मूर याचे नाव पुढे जगभर गाजले. पण या मूर्तीपुढे उभे राहण्यासाठी ते नाव ठाऊक असण्याची गरज नाही. कडेवर लेकरू घेऊन डोंगर चढून आलेल्या आईला त्या दगडातील माया ओळखू येण्यास पुस्तकी ज्ञान कशाला हवे?

संग्रहालय उभे राहिले, त्याच वर्षी बाळासाहेबांनी आणखी एक गोष्ट लोकांच्या स्वाधीन करावयाचे ठरविले. ही गोष्ट कलावस्तूंहून कितीतरी मोठी होती. ती म्हणजे त्यांची राजसत्ता. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेत शिकून परत आले होते. मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश अभियंते भारतात येऊन संन्याशाप्रमाणे राहत असत. तेही या विचाराला येऊन मिळाले. महात्मा गांधींचा सल्ला घेऊन नवी राज्यघटना तयार करण्यात आली आणि 21 जानेवारी 1939 रोजी ती अंमलात आली. गावोगावच्या पंचायतींच्या हाती कारभार सोपविण्यात आला. साऱ्या देशावर इंग्रजांचे राज्य असताना औंधच्या 72 गावांतील शेतकरी आपला कारभार आपण पाहू लागले. सत्तरी गाठलेल्या राजाने आपण होऊन राज्य प्रजेला द्यावे, ही घटना त्या काळी अपूर्व होती.

याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत स्थापन झाली. गंभीर गुन्ह्यांबद्दल शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना तेथे उंच भिंतींवाचून, शेती करीत, विश्वासावर ठेवण्यात येऊ लागले. ज्या माणसांना समाजाने टाकाऊ ठरविले होते, त्यांच्यातही काही मोल उरले आहे, असा विश्वास या प्रयोगाच्या मुळाशी होता. पुढे 1957 मध्ये या प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन व्ही. शांताराम यांनी दो आँखें बारह हाथ हा चित्रपट काढला आणि तो देशोदेशी नावाजला गेला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे माणदेशचेच. शेटफळे गावी जन्मलेल्या या गरीब घरच्या मुलाचे शिक्षण औंध येथे झाले होते. पुढे त्यांनी गीतरामायण लिहिले आणि 1955 साली पुणे आकाशवाणीवरून ते घरोघरी पोहोचले. राजाने रंगांनी रामकथा सांगितली, औंधच्या शाळेत शिकलेल्या कवीने ती शब्दांनी सांगितली. आटपाडीतील एका दलित कुटुंबात जन्मलेले शंकरराव खरात हेही औंधास शिकले आणि पुढे थोर लेखक झाले. ज्या भूमीत गुणांची कदर होते, त्या भूमीत गुण असे उगवून येतात.

भारत स्वतंत्र झाला आणि 8 मार्च 1948 रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पंतप्रतिनिधींच्या राज्याची कित्येक पिढ्यांची परंपरा त्या दिवशी संपली. बाळासाहेबांना राज्य गेल्याचे दुःख व्हावे, असे फारसे काही उरलेच नव्हते. कारण सत्ता त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच लोकांना देऊन टाकली होती. त्यानंतर तीन वर्षांनी, 13 एप्रिल 1951 रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बाळासाहेबांच्या संग्रहाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याचा खरा अर्थ कळतो. मौल्यवान वस्तू जमविणारे लोक जगात पुष्कळ आहेत. कोणी नाणी जमवितो, कोणी चित्रे, कोणी विलायती फुलदाण्या. वस्तू जमविता जमविता माणसाच्या मनात आपलेपणा निर्माण होतो. आणि हळूहळू त्याचे रूपांतर हावेत होते. मग तो वस्तू कुलपात ठेवतो आणि दुसऱ्याची नजरही तिच्यावर पडू नये असे त्याला वाटू लागते. जमविणे सोपे असते. जमविलेले सोडणे कठीण असते. बाळासाहेबांनी आयुष्यभर वेचून वेचून जमविले आणि ते सारे डोंगराच्या वाटेवर, उघड्या उजेडात, सर्वांसाठी मांडून ठेवले. म्हणूनच राज्य गेले तरी त्यांचा ठेवा राहिला.

आज हे संग्रहालय महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या देखरेखीखाली आहे. औंधच्या डोंगरावर आजही यमाईचे भाविक चढून जातात. त्यांपैकी कित्येकांना बाळासाहेबांचे नावही ठाऊक नसेल. पण दर्शन घेऊन परतताना ते त्या इमारतीत शिरतात, आणि वरून येणाऱ्या शांत प्रकाशात एखाद्या चित्रापुढे क्षणभर थबकतात. हा ठेवा जमविणाऱ्या राजाचे खरे स्मारक तेच होय.